तीच भरली वांगी, तेच तिखट, मग पाहुण्यांना जाळ का लागला? लाल वाइनबद्दल एक प्रश्न

रामबागची सुगरण (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदुरात रामबागेत राहते आणि गेली चौदा वर्षं घरगुती केटरिंग करते. वीस ते साठ पानांची कामं: बारसं, डोहाळजेवण, साठीशांत, आणि हल्ली दोन-तीन वर्षांत संध्याकाळच्या पार्ट्याही. स्वयंपाक आपला मराठी आणि माळवी. मी वाइन घेत नाही, आमच्या घरात कुणीच घेत नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते आहे.

मे महिन्याच्या अखेरीस एका घरी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं जेवण होतं, ३२ माणसं. वहिनी म्हणाल्या, "ताई, मेनू तुमचाच ठेवा, पण या वेळी रेड वाइन असणार आहे. सीरीजमध्ये दाखवतात ना, मोठमोठे ग्लास, तसं टेबल दिसलं पाहिजे." एका दिवसाचा परवाना त्यांनीच काढला होता, बाटल्याही त्यांच्याच. ग्लास भाड्याने आणले. त्यांचं पोट एवढं मोठं की माझी मूठ आरामात आत जाईल. भुट्ट्याचा कीस, भरली वांगी, मसालेभात, कढी, आमरस असा बेत होता. बाटल्या दुपारपासून स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर उभ्या होत्या, कारण कुणीतरी सांगितलं होतं की लाल वाइन कधी फ्रिजमध्ये ठेवायची नाही.

पानं वाढून दहा मिनिटं झाली नसतील, एक गृहस्थ आत येऊन म्हणाले, "ताई, आज हात सैल सुटला वाटतं तिखटाचा." मग आणखी दोघं आले, मग स्वतः वहिनी. माझ्या पोटात गोळा आला. पण तिखट मी अंदाजाने घालतच नाही, काट्यावर तोलून घेते. ४ किलो वांग्यांना ९० ग्रॅम, अर्धं काश्मिरी आणि अर्धं निमाडी, बेडियाच्या मंडीतून वर्षाचं एकदम आणलेलं. त्या घरी याआधी तीनदा हीच वांगी केली आहेत. मी लगेच चाखून बघितली, चव नेहमीचीच. आणि आता ऐका: आजी आणि पोरंसोरं, ज्यांच्या हातात ग्लास नव्हता, त्यांनी तीच वांगी दोनदा मागून घेतली. तक्रार केली ती फक्त ग्लासवाल्यांनी.

दुसरी गोष्ट भांडी घासताना कळली. बहुतेक ग्लास अर्धेमुर्धे भरलेलेच परत आले होते. एका ग्लासाच्या काठाला लिपस्टिकचा ठसा होता, पण वाइन बोटभरही उतरलेली नव्हती. मी सगळं मापाच्या भांड्यात ओतून पाहिलं, सव्वादोन लिटर भरलं. म्हणजे उघडलेल्या ८ बाटल्यांतल्या ३ मोरीत गेल्या. माझ्या घरचं नव्हतं, तरी अन्न टाकताना होतं तसंच वाटलं. वहिनींची भाची मदतीला आत आली होती, तिला विचारलं, "आवडली नाही का गं?" ती हळूच म्हणाली, "काकू, तुरट लागते. पण हातात घेतली की छान वाटतं." आणि तिचाच भाऊ आदल्या दिवशी फोनवर बजावत होता की "मर्लो आणू नका, मर्लो कुणी पीत नाही." मर्लो म्हणजे म्हणे त्या नावाच्या द्राक्षाची लाल वाइन. त्याने मर्लो कधी चाखली होती का म्हणून विचारलं, तर नाही.

तर माझे प्रश्न दोन. वाइनमुळे जेवण खरंच जास्त तिखट लागतं का? आणि ज्यांना चव आवडत नाही तीच माणसं हीच वाइन हवी म्हणून का मागतात, ही आवड येते तरी कुठून? माझ्या हातच्या चवीचा प्रश्न आहे, म्हणून जरा मनाला लागलंय.

द्राक्षबाग दिंडोरी

ताई, आधी मन शांत करा. तुमच्या वांग्यांचा काही दोष नाही. मी नाशिकजवळच्या दिंडोरीकडचा. घरची द्राक्षबाग आहे आणि अकरा वर्षं एका वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये पाहुण्यांना वाइन चाखायला देतो. तुमच्यासारखी गोष्ट दर शनिवारी-रविवारी बघतो.

पांढरी वाइन करताना द्राक्षं दाबून रस वेगळा काढतात आणि मग आंबवतात. लाल वाइनला मात्र रस सालीसकट, बियांसकट आंबवतात. रंग तिथूनच येतो आणि तुरटपणाही. त्या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. कोऱ्या कडक चहात, सुपारीत, कच्च्या केळ्यात, जांभळात हाच गुण आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड आवळून येतं. आता लाळेचं ते अस्तर गेल्यावर वरून निमाडी मिरची आली तर काय होणार! त्यात लाल वाइनमध्ये १३-१४ टक्के अल्कोहोल. मिरचीचा जाळ आणि खरी उष्णता आपल्या तोंडाला एकाच जागी कळते, आणि अल्कोहोल त्या जागेला आणखी हळवं करतं. म्हणून घोट घेणाऱ्यांना तिखट चढलं आणि आजींना नाही. तुमचा काटा बरोबरच होता.

तिसरं कारण तुमच्या कट्ट्यावर उभं होतं. "रेड वाइन रूम टेंपरेचरला" हे वाक्य युरोपातल्या जुन्या घरांतलं आहे. तिथली खोली म्हणजे १६-१८ अंश. मे महिन्यात इंदूरचं स्वयंपाकघर, शेजारी शेगडी पेटलेली, तिथे बाटली ३५ च्या पुढे गेली असणार. एवढी गरम झाली की अल्कोहोल नाकात जातं, फळाचा वास उडून जातो आणि नुसता जाळ उरतो. वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, बिनधास्त ठेवा.

आता एक मनातलं. आपल्या आयुर्वेदाच्या सहा रसांत कषाय म्हणजे तुरट हा अख्खा एक रस आहे. आवळा, हिरडा, सुपारी आपल्या जिभेला परके नाहीत. तरी टेस्टिंग रूममध्ये पुण्या-मुंबईचे पाहुणे घोट घेतात, तोंड वाकडं होतं आणि म्हणतात "नाइस, फ्रूटी." मी म्हणतो, तुरट लागली ना? मग तुरट म्हणा. आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने एका शब्दात सांगितलं असतं. हा शब्द माणसं ओठांवर का आणत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण तुरट म्हटलं की पुढे विचार करता येतो: तुरटासोबत काय खावं? स्निग्ध खावं. तूप, शेंगदाण्याचं कूट, खोबरं, पनीर, मटण. 'नाइस' म्हटलं की सगळं तिथेच थांबतं.

सॅक्रॅमेंटोकर

मर्लोची गोष्ट मी सांगतो, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत घडली. मी २००३ मध्ये कॅलिफोर्नियात आलो. मूळचा इंदूरचाच, लोकमान्य नगर. तेव्हा ऑफिसच्या कुठल्याही जेवणात मर्लो हमखास असायची.

पण तिची चलती कशी आली ते आधी बघा. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात एक भाग लागला. फ्रेंच माणसं लोणी-चीज एवढं खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी का? उत्तर म्हणून लाल वाइनचा ग्लास दाखवला. लगोलग लाल वाइनचा खप उसळला. ज्यांनी आयुष्यात लाल वाइन घेतली नव्हती ते दुकानात गेले आणि त्यांना हवी होती कमी तुरट, मऊ, नाव सोपं असलेली वाइन. ती म्हणजे मर्लो. शेतकऱ्यांनी धडाधड मर्लो लावली, नको त्या जमिनीतही लावली, आणि पाणचट माल बाजारात आला.

मग २००४ मध्ये 'साइडवेज' सिनेमा आला. त्यातला नायक पिनो न्वार या दुसऱ्या लाल वाइनवर जीव टाकतो आणि मर्लोचं नाव काढलं की भडकतो. सिनेमा गाजला, पटकथेला ऑस्कर मिळालं, आणि माझ्या आजूबाजूची माणसं, त्यात आपली देशी मंडळीही आली, दुसऱ्या आठवड्यापासून मर्लोला नाक मुरडायला लागली. मीही मुरडलं. पुढे सोनोमा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या अभ्यासकांनी विक्रीचे आकडे तपासले. मर्लोला फटका बसला तो मुख्यतः १० डॉलरच्या आतल्या स्वस्त बाटल्यांत, आणि पिनो न्वारची विक्री मात्र चांगलीच वाढली. म्हणजे संवाद एका पात्राचा आणि पेरणी बदलली शेकडो शेतांवरची.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तोच नायक ज्या बाटलीला जिवापाड जपतो, ती १९६१ची शेव्हल ब्लाँ, फ्रान्सची नामांकित लाल वाइन. त्या वाइनमध्ये काबर्ने फ्राँ या द्राक्षासोबत मर्लोच असते! तो शेवटी ती एका बर्गरच्या दुकानात वापरून फेकायच्या कपातून एकटाच पितो. भाच्याला एवढं जरूर सांगा, रागावून नको, गोष्ट म्हणून. त्याने सिनेमा पाहिलाही नसेल. वीस वर्षांनी ते वाक्य इंदुरापर्यंत पोचलंय.

आणि मोठ्या ग्लासाच्या हौसेचं बरंचसं मूळही टीव्हीतच आहे. 'स्कँडल' नावाच्या मालिकेतली नायिका थकून घरी येते, सोफ्यावर बसते आणि उंच दांड्याच्या प्रचंड ग्लासातून लाल वाइन पिते, सोबत पॉपकॉर्न. तो ग्लास साधारण ६८० मिलीचा, म्हणजे जवळजवळ अख्खी बाटली मावेल एवढा. लोक दुकानात जाऊन नेमका तोच ग्लास मागायला लागले. ग्लास मोठा असतो तो वास कोंडून राहावा म्हणून, ओतायची असते तळाशी थोडीशी. टीव्हीवर ते कळत नाही, म्हणून आपल्याकडे काठोकाठ भरतात. तुमचे सव्वादोन लिटर त्यातलेच, ताई.

ग्वाल्हेरचा किल्लेदार

एक जोडतो. आमच्या लहानपणी हिंदी सिनेमात व्हिलनच्या टेबलावर व्हॅट ६९ व्हिस्की दिसायची आणि दारू म्हणजे ती, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. घरातल्या बाईने ग्लास हातात धरणं तर पडद्यावरही वाईटपणाची खूण. आता त्याच पडद्यावर नोकरी करणारी, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारी मुलगी लाल वाइन घेते आणि ती चांगली मुलगी असते. माझ्या सुनेने मला हेच सांगितलं: "बाबा, चव नंतर, आधी ते दृश्य आवडलं." ज्या घरांत व्हिस्कीचं नाव काढता येत नाही तिथे 'वाइनच आहे' म्हटल्यावर चालतं. माझ्या मते मागणीचं खरं कारण हे आहे. आणि हृदयाला चांगली असते हे जे काका लोक सांगतात, त्यांना सांगा की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

बडोद्याचा मास्तर

आमच्याकडे गुजरातेत दारूबंदी. तरीही हे चित्र आमच्यापर्यंत पोचलं आहे, आणि म्हणूनच मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. मागच्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीच्या साखरपुड्याला गेलो होतो. स्वागताला दांड्याच्या ग्लासात गडद लाल पेय. काळ्या द्राक्षांचा रस होता, थोडं काळं मीठ घातलेला. माणसं तो ग्लास तिरका धरून, नाकाशी नेऊन फोटो काढत होती. पेय नसलेल्या गावात नुसता रंग आणि ग्लासाचा आकार पुरला.

रंगाचं सामर्थ्य केवढं याचा एक प्रयोग मी वर्गात नेहमी सांगत असे. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या संशोधकांनी २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. वाइनचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक लाल वाइन दिली आणि वासाचं वर्णन लिहायला सांगितलं. पुढे पुन्हा दोन ग्लास दिले, पण या वेळी लाल दिसणारी होती तीच पांढरी, बिनवासाचा रंग घातलेली. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्याच शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांची ही गत! किमतीचंही तसंच. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात तीच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. ९० ची जास्त आवडल्याचं लोकांनी सांगितलंच, शिवाय मेंदूतला आनंद नोंदवणारा भागही तेव्हा जास्त चेतलेला दिसला. म्हणजे ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरोखर जास्त आवडली.

म्हणून, सुगरणताई, आपल्या पाहुण्यांना खोटी आवड आहे असं मी म्हणणार नाही. हातात घेतल्यावर छान वाटतं असं ती मुलगी म्हणाली, ते तिचं खरंच आहे. फक्त ते जिभेपर्यंत उतरलेलं नाही. एक सुचवतो: बाटली आणि ग्लास दोन्ही नजरेआड करून चाखायला द्या, आणि मग काय होतं ते आम्हाला नक्की कळवा.

रामबागची सुगरण (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. दिंडोरीचे भाऊ, तुमचं उत्तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. महिनाभर जीव टांगणीला होता.

मास्तरांनी सांगितलं तसं केलं. त्याच वहिनींच्या नणंदेकडे जुलैत १८ माणसांचं काम आलं. चार दिवस आधी त्यांच्याच घरी सहा जणांना बसवलं. तीन लाल वाइन, पण ओतल्या स्टीलच्या फुलपात्रांत. स्टीलमध्ये लाल काय आणि काळं काय, रंग फारसा कळत नाही. एकात शिराझ, एकात काबर्ने सोव्हिन्यों, आणि एकात गोव्याची गोड पोर्ट. फुलपात्रांच्या बुडाला मी चुन्याची बोटं लावून ठेवली होती, एक, दोन, तीन. सोबत वांग्याची एकेक फोड, तेच ९० ग्रॅमवालं तिखट. सहापैकी चौघांनी पोर्टवर बोट ठेवलं. एक आजोबा म्हणाले, "ही आपल्या जेवणासोबत जाते." बाटल्या दाखवल्यावर नणंदबाई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण ताई, ही टेबलावर ठेवली तर लोक काय म्हणतील?" मला त्यांची अडचण कळली, मी आग्रह केला नाही. आपण पाहुण्यांसाठी पैठणी नेसतो तेव्हा ती अंगाला मऊ लागते म्हणून थोडीच नेसतो.

मग मधला मार्ग काढला. शिराझच ठेवली, पण पाऊण तास फ्रिजमध्ये. ग्लास लहान, आणि ओतायचं काम मी माझ्या पुतण्याला दिलं, तळाशी तीन बोटंच, संपली तर परत. वांग्यांचं तिखट ६० ग्रॅमवर आणलं, शेंगदाण्याचं कूट आणि सुकं खोबरं वाढवलं, वरून तुपाची धार. मसालेभात तसाच ठेवला, त्याला हात लावायला माझं मन होईना. कढी जरा घट्ट आणि गोडसर केली. भाच्याला शेव्हल ब्लाँची गोष्ट सांगितली. तो गप्प ऐकत राहिला आणि मग फोनवर शोधत बसला.

तिखटाची तक्रार कुणी केली नाही. रात्री मोरीपाशी पुन्हा मापाचं भांडं घेऊन बसले, तर पाव लिटरही भरलं नाही. एका ग्लासात घोटभर उरली होती, ती मी बोटाने जिभेला लावून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा. भाऊ, तुम्ही म्हणालात तसंच, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते ना, अगदी तशी.

आता एकच विचारायचं राहिलं. डिसेंबरात दोन कामं आली आहेत आणि दोन्हीकडे गराडू (आमच्या माळव्यातला कंद) हवेत. तुपात खमंग तळलेले, वर जीरावण मसाला आणि लिंबू पिळून. आंबट, खारट, तिखट सगळं एकत्र. त्याच्यासोबत लाल चालेल, की पांढरी सांगू? नोव्हेंबरच्या आत सांगा, म्हणजे आधी फुलपात्रांत चाखून बघता येईल.